कोपीतल्या फोनपर्यंत कीर्तन: व्हिडिओ एन्कोडिंगची शिडी तळापासून बांधताना

आमच्या गावचा सप्ता पौषात असतो. नेमकं त्याच दिवसांत निम्मं गाव ऊसतोडीला गेलेलं असतं. कोण सांगलीकडं, कोण कोल्हापूरकडं, कोण थेट कर्नाटकात. बीड जिल्ह्याच्या धारूर-वडवणी पट्ट्यात यात नवीन काही नाही. नवीन एवढंच, की आता कोपीतही, म्हणजे ऊसतोड मजुराच्या झोपडीतही, फोन असतो आणि फडावरून आल्यावर माणसाला आपल्या मारुतीच्या पारावरचं कीर्तन बघावंसं वाटतं. पहिल्या वर्षी मी दोन तासांच्या कीर्तनाची एकच १०८०पी (म्हणजे चित्रात उभ्या १०८० ओळी) फाइल वेबसाइटवर टाकली आणि लिंक गावाच्या ग्रुपवर पाठवली. दहा मिनिटांत चुलत्यांचा फोन आला, "आरं, नुसतं गोल गोल फिरायलंय. महाराज काही बोलंनात."

महाराज बोलतच होते. पण माझी फाइल सेकंदाला ६ मेगाबिट मागत होती आणि कोपीतल्या फोनला जेमतेम अर्धा मेगाबिट मिळत होता.

यावरचा इलाज म्हणजे अडॅप्टिव्ह स्ट्रीमिंग. एकाच व्हिडिओच्या लहान-मोठ्या अनेक प्रती करायच्या, प्रत्येक प्रतीचे काही सेकंदांचे तुकडे पाडायचे आणि कुठला तुकडा कुठे आहे याची यादी सोबत द्यायची. फोनमधला प्लेअर नेट किती येतंय ते बघतो आणि पुढचा तुकडा कुठल्या प्रतीतून घ्यायचा ते स्वतः ठरवतो. नेट घसरलं की चित्र जरा पुसट होतं, पण कीर्तन थांबत नाही. या प्रतींच्या उतरंडीला मी शिडी म्हणतो. बहुतेक जण ही शिडी वरून बांधायला घेतात: आधी झकास १०८०पी, मग ७२०पी, आणि शेवटी उरलंसुरलं खाली. मी उलट करतो. आधी आवाज, मग सगळ्यात खालची पायरी, मग वर.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. तुमचा व्हिडिओ फक्त यूट्यूबवर जाणार असेल तर शिडीची उठाठेव करू नका, ती यूट्यूब स्वतः बांधतं. तुम्ही चित्रीकरण आणि सफाई नीट करा, चांगल्या बिटरेटची, म्हणजे सेकंदाला भरपूर डेटा असलेली, एक फाइल चढवा आणि झोपा. संस्थानाची स्वतःची वेबसाइट किंवा ॲप असेल, किंवा क्लासची व्याख्यानं फक्त फी भरलेल्या मुलांना दाखवायची असतील, तर पुढचं सगळं तुमच्या कामाचं आहे.

आधी हिशोब

बिटरेट किलोबिटमध्ये असतो आणि डेटा पॅक गिगाबाइटमध्ये, त्यामुळे लोकांची फसगत होते. सोपी चावी अशी: सेकंदाला १००० किलोबिट म्हणजे तासाला ४५० एमबी. म्हणजे किलोबिटच्या आकड्याला ०.९ ने गुणलं की दोन तासांच्या कीर्तनाचे एमबी हातात येतात. ७२०पीची १९०० किलोबिटची प्रत आणि ६४ किलोबिट आवाज धरला तर दोन तासांना १.७७ जीबी लागतात. रोज दीड जीबी मिळणाऱ्याचा दिवसाचा पॅक कीर्तन संपायच्या आधीच संपला. तेच ३०० किलोबिटच्या प्रतीला आवाजासकट ३३० एमबी लागतात. नुसता आवाज ऐकला तर ५८ एमबी. खालच्या पायऱ्या म्हणजे गरिबाला दिलेलं उष्टं नव्हे. नेट चांगलं असूनही पॅक वाचवणारी माणसं तिथेच बसतात.

अर्धं एन्कोडिंग मंडपात होतं

एन्कोडर, म्हणजे व्हिडिओ दाबून लहान करणारा प्रोग्राम, काय करतो, तर मागच्या फ्रेमवरून (एका स्थिर चित्रावरून) पुढची फ्रेम ओळखायचा प्रयत्न करतो आणि जेवढं ओळखता आलं नाही तेवढंच लिहून ठेवतो. स्थिर पडदा, स्थिर खांब, बसलेले टाळकरी, यांना जवळपास काहीच खर्च नाही. कॅमेरा हातात धरला की खांबसुद्धा हलतो आणि सगळ्याचा खर्च लागतो. म्हणून पहिला नियम: तिपाई. तिपाईने जेवढे बिट वाचतात तेवढे कुठल्याही सेटिंगने वाचत नाहीत.

दुसरा नियम उजेडाचा. अंधारात कॅमेरा गेन (चित्र उजळवायची ताकद) वाढवतो आणि चित्रावर मुंग्या धावायला लागतात. प्रत्येक मुंगी दर फ्रेमला नवीन जागी, त्यामुळे एन्कोडरला त्यातलं काहीच ओळखता येत नाही. मंडपवाल्याला सांगून व्यासपीठावर समोरून दोन दिवे जास्त लावून घ्या. भाडं थोडं लागेल, पण पुढचे आठ दिवस डोकं शांत राहील.

आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. म्हणून सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५० ठेवा. फोन बहुधा ३० फ्रेमवर असतात आणि ट्यूबलाइटखाली त्यांच्या चित्रात पट्टे सरकताना दिसतात. डोळ्याला ते खटकतं आणि एन्कोडरलाही महाग पडतं. फोनवरच शूटिंग करणार असाल तर २५ फ्रेम आणि शटर हाताने लावता येईल असं कॅमेरा ॲप वापरा.

आता डेकोरेशनवाल्यांशी माझं जुनं भांडण. हल्ली महाराजांच्या पाठीमागे एलईडीची भिंत असते आणि तिच्यावर धबधबे, फिरणारी चक्रं, पडणारी फुलं चालू असतात. बिचाऱ्या एन्कोडरचे सगळे बिट त्या धबधब्यात वाहून जातात आणि महाराजांचा चेहरा चिखल होतो. भिंतीवर विठ्ठलाचं एक स्थिर चित्र ठेवा म्हणावं. दुसरी पीडा खालून पळणाऱ्या अन्नदात्यांच्या नावांची. पळणारी बारीक अक्षरं एन्कोडिंगला अवघड आणि २३४ ओळींच्या चित्रात वाचता तर मुळीच येत नाहीत. नावं स्थिर पाटीवर, मोठ्या अक्षरात, एका वेळी चार-पाच दाखवा. देणगी दिलेल्या माणसालाही आपलं नाव वाचता आलं पाहिजे ना.

आवाज कॅमेऱ्याच्या माइकवर घेऊ नका. साउंडवाल्याच्या मिक्सरमधून सरळ वायर घ्या आणि पातळी अशी लावा, की पखवाजाची सगळ्यात जोरकस थापही लाल रेषेखाली राहील. मंडपातले लोक दाखवायचे असतील तर कॅमेऱ्याच्या माइकचा आवाज त्यात चवीपुरता मिसळा. कीर्तन पुसट दिसलं तर माणूस बघतो, तुटक ऐकू आलं तर बंद करतो.

कच्चा माल धुऊन घ्या

कार्डावरून आलेली फाइल थेट शिडीवर चढवायची नाही. आधी तिची एक स्वच्छ मूळ प्रत करा आणि पुढच्या सगळ्या प्रती त्या एकाच प्रतीवरून काढा. ७२०पीवरून ३६०पी, ३६०पीवरून २३४पी असं करत गेलात तर झेरॉक्सची झेरॉक्स होते. हत्यार म्हणून मी एफएफएमपेग वापरतो. २००० साली फाब्रिस बेलार यांनी सुरू केलेला हा फुकट, मुक्त प्रोग्राम आहे आणि आपल्याला लागणारं जवळजवळ सगळं यात आहे. हँडब्रेक वापरायला सोपं आहे, पण ते एकेक फाइल बनवण्यापुरतं. तुकडे आणि याद्या ते करत नाही.

मूळ प्रत करताना चार गोष्टी तपासा.

फोनच्या रेकॉर्डिंगमध्ये फ्रेमचा वेग एकसारखा नसतो. उजेड कमी झाला की फोन फ्रेम सैल सोडतो. मी एका वर्षी हे न बघता पुढे गेलो. सुरुवातीला सगळं ठीक होतं, पण शेवटच्या गजरापर्यंत मृदंगावर हात पडल्यावर एका सेकंदाने आवाज यायला लागला. म्हणून पहिल्याच पायरीला फ्रेमचा वेग २५ वर पक्का करून घ्या.

जुने कॅमकॉर्डर इंटरलेस्ड चित्र देतात, म्हणजे एका फ्रेममध्ये दोन अर्धवट क्षण विणलेले असतात. हलणाऱ्या हाताला कंगव्याचे दात दिसले की समजा तेच आहे. एफएफएमपेगमधल्या ब्वडिफ फिल्टरने हे उलगडा, आणि लहान करण्याआधी उलगडा. आधी लहान केलंत तर ते दात कायमचे भाजले जातात.

काही नवे फोन १० बिटमध्ये, एचडीआर रंगात, म्हणजे नेहमीपेक्षा जास्त छटांत, रेकॉर्ड करतात. हे तसंच पुढे ढकललं तर स्वस्त फोनवर चित्र एकतर चालत नाही, किंवा राखेसारखं दिसतं. रेकॉर्डिंगच्या आधीच फोनमधला एचडीआर व्हिडिओ बंद करा. राहून गेलं असेल तर रंग साध्या बीटी ७०९ (नेहमीच्या एचडी व्हिडिओचे रंग) मध्ये आणि पिक्सेल ८ बिट, ४:२:० (सगळ्या फोनना चालणारी साठवण) मध्ये बदलून घ्या.

चौथी गोष्ट आवाजाची पातळी. निरूपणात महाराज हळू बोलतात आणि गजरात मंडप हादरतो. लाउडनॉर्म फिल्टर दोनदा चालवा, पहिल्यांदा मोजायला, दुसऱ्यांदा लावायला. फोनच्या स्पीकरवर ऐकणाऱ्यांसाठी मी उणे १६ एलयूएफएसवर (हे आवाजाच्या सरासरी जोराचं माप) ठेवतो. टीव्हीसाठीचं युरोपीय मानक उणे २३ चं आहे, ते फोनच्या स्पीकरवर फार बारीक वाटतं.

चित्रात मुंग्या राहिल्याच असतील तर एचक्यूडीएनथ्रीडी हा फिल्टर अगदी हलक्या हाताने लावा. जास्त लावला तर महाराजांच्या कपाळावरचा गंध-बुक्का पुसला जातो, आणि मग फोन येतात.

तीन नमुने कापा

आता लगेच आकडे ठरवू नका. मूळ प्रतीतून एकेक मिनिटाचे तीन नमुने कापा. एक निरूपणाचा, महाराज एका जागी उभे आणि टाळकरी शांत. दुसरा चालीचा, टाळ-मृदंग रंगात आणि पावल्या चालू. तिसरा काल्याच्या दिवसाचा, हंडी फुटली आणि लाह्या उधळल्या तो क्षण. लाह्यांएवढं अवघड एन्कोडिंगला काही नाही. हवेतली एकही लाही मागच्या फ्रेमवरून ओळखता येत नाही, आणि त्यात मागे माणसं उड्या मारत असतात.

हे तिन्ही नमुने एक्स२६४ एन्कोडरने सीआरएफ पद्धतीने काढा. सीआरएफमध्ये तुम्ही बिटरेट सांगत नाही, दर्जा सांगता. आकडा ० ते ५१, मुळात २३, आणि लहान आकडा म्हणजे चांगला दर्जा. आकडा ६ ने वाढवला की फाइल ढोबळमानाने निम्मी होते. प्रत्येक रिझोल्यूशनला सीआरएफ २३ लावून बघा, किती बिटरेट निघतो ते वहीत लिहा. एकाच रिझोल्यूशनला निरूपण आणि लाह्या यांच्यात कित्येक पटींचा फरक निघेल. तो फरक एकदा डोळ्यांनी बघितला की इंटरनेटवरचा कुणाचा तरी तक्ता जसाच्या तसा उचलायची इच्छा राहत नाही.

हेच नेटफ्लिक्सने २०१५ च्या डिसेंबरात मोठ्या प्रमाणावर मांडलं. सगळ्या चित्रपटांना एकच शिडी न लावता प्रत्येकाला त्याच्या अवघडपणानुसार वेगळी शिडी. त्यांची यंत्रणा अजस्र आहे, पण तत्त्व तीन नमुन्यांत आणि एका वहीत बसतं.

लातूरच्या क्लासवाल्यांचं उदाहरण घ्या. फळा, खडू आणि एक सर. हालचाल नगण्य, पण अक्षर स्वच्छ दिसलंच पाहिजे. तिथे कीर्तनाची शिडी लावली तर पैसे वाया आणि मुलांचे डोळेही वाया. क्लाससाठी रिझोल्यूशन मोठं ठेवा आणि बिटरेट कमी. फळ्याचं ७२०पी चित्र ५०० किलोबिटमध्ये आरामात बसतं, फ्रेमही १५ चालतात. कीर्तनात उलटं असतं: रिझोल्यूशन कमी केलं तरी चालतं, पण गती धक्के खाता कामा नये.

शिडी

नमुन्यांवरून मी आमच्या सप्त्यासाठी ठरवलेली शिडी ही. चित्राचे आकडे सेकंदाला किलोबिटमध्ये, २५ फ्रेमला.

फक्त आवाज: ६४
४१६ × २३४: १५०
६४० × ३६०: ३००
७६८ × ४३२: ५५०
९६० × ५४०: १०००
१२८० × ७२०: १९००
१९२० × १०८०: ३५००

दोन शेजारच्या पायऱ्यांत दीड ते दोन पटींचं अंतर असावं. जवळजवळ पायऱ्या केल्यात तर प्लेअर उगाच वरखाली नाचतो आणि बघणाऱ्याला फरकही कळत नाही. लांब केल्यात तर ८०० किलोबिट मिळणारा माणूस विनाकारण ३०० वर जाऊन बसतो. लांबी-रुंदीचे आकडे सम पाहिजेत, नाहीतर एन्कोडर तक्रार करतो.

सगळ्यांत जास्त वेळ मी १५० आणि ३०० च्या पायऱ्यांवर घालवतो. वरच्या पायरीवर सीआरएफ एकाने इकडेतिकडे झाला तर कुणाला पत्ता लागत नाही. खाली प्रत्येक किलोबिटला भाव आहे. ॲपलच्या शिफारशीतली खालची पायरी ४१६ × २३४ ला १४५ किलोबिटची आहे, म्हणजे तिथपर्यंत जाण्यात कमीपणा नाही. ती पायरी करताना चित्र लॅन्झोस पद्धतीने लहान करा आणि शक्य असेल तर थोडं कापून जवळचं घ्या. २३४ ओळींत पूर्ण मंडप दाखवला तर महाराज मुंगीएवढे होतात. सप्त्याला दोन कॅमेरे असतील तर जवळच्या कॅमेऱ्याचं चित्र जास्त वापरा, एवढी सूचना एडिटिंगवाल्याला द्या.

१०८०पी ठेवायचं की नाही हे खिसा बघून ठरवा. आवाज सोडून वरच्या सगळ्या पायऱ्यांची बेरीज ७४०० किलोबिट होते, म्हणजे दोन तासांच्या एका कीर्तनाला ६.६६ जीबी. सात रात्री आणि काल्याचं कीर्तन धरून ५३ जीबी. १०८०पी काढून टाकलं तर एका कीर्तनाला ३.५ जीबी. शिडी बांधायला लागल्यावर पहिली दोन वर्षं मी ते काढूनच टाकलं होतं, एकानेही विचारलं नाही.

आवाज सगळ्या पायऱ्यांना एकच द्या: एएसी (आवाज दाबायची पद्धत), ४८ किलोहर्ट्झ, ६४ किलोबिट मोनो. मिक्सरमधून येणारा आवाज बहुधा मोनोच असतो, त्याला स्टिरिओचे कपडे घालून बिट वाढवू नका. आवाजाची फाइल वेगळी ठेवा आणि सगळ्या चित्र-पायऱ्यांनी तीच वापरावी असं यादीत लिहा. जागा वाचते, आणि पायरी बदलताना गजराच्या मधोमध टक् असा आवाज येत नाही.

कीफ्रेम: जिथे बहुतेक शिड्या मोडतात

पैठणहून निघालेल्या दिंड्या डोळ्यांसमोर आणा. चालती दिंडी सोडून दुसरीत शिरलात तर आपली ओळ सापडत नाही. मुक्कामावर मात्र सगळ्या एकाच गावात थांबलेल्या असतात, तिथे दिंडी बदलता येते. कीफ्रेम म्हणजे तो मुक्काम. कीफ्रेम पूर्ण चित्र असतं, मागच्या कशावर अवलंबून नसतं. प्लेअरला एका प्रतीतून दुसऱ्या प्रतीत फक्त कीफ्रेमवरच जाता येतं. आणि एक दिंडी पाटोद्याला मुक्कामी, दुसरी अजून रस्त्यात, असं असेल तर बदल होणारच नाही.

म्हणून सगळ्या पायऱ्यांचे कीफ्रेम एकाच क्षणी पडले पाहिजेत. मोकाट सोडलेला एन्कोडर दृश्य बदललं की स्वतःहून कीफ्रेम टाकतो, आणि दृश्य बदललं की नाही याचा निर्णय प्रत्येक पायरीवर वेगळा घेऊ शकतो. ते बंद करा. २५ फ्रेमला दर २ सेकंदांनी कीफ्रेम म्हणजे ५० फ्रेम. कीफ्रेममधलं जास्तीत जास्त अंतर ५०, कमीत कमी अंतरही ५०, दृश्यबदलाची संवेदना शून्य आणि गट बंद (म्हणजे दोन कीफ्रेममधली कुठलीही फ्रेम आपल्या गटाबाहेरच्या फ्रेमवर अवलंबून नको). हे चार आकडे सगळ्या पायऱ्यांना तंतोतंत तेच.

तुकडा ६ सेकंदांचा, म्हणजे १५० फ्रेम, तीन कीफ्रेम. तुकड्याची सुरुवात नेहमी कीफ्रेमवर. तुकडे फार लहान केले तर प्रत्येकासाठी वेगळी मागणी जाते, आणि हेलकावे खाणाऱ्या नेटवर त्या येण्याजाण्यातच वेळ जातो. फार मोठे केले तर नेट पडल्यावर खाली उतरायला उशीर होतो आणि तेच गोल गोल फिरणं सुरू. २९.९७ फ्रेमचा माल गळ्यात पडला असेल तर २ सेकंदांत पूर्ण फ्रेम बसत नाहीत. तिथे ६० फ्रेमचं अंतर ठेवा आणि तुकडा ६.००६ सेकंदांचा निघेल हे मान्य करा.

मी हे दुसऱ्या वर्षी शिकलो. शिडी होती, पायऱ्या होत्या, पण पायरी बदलली की चित्र अर्धा सेकंद मागे उडी मारायचं. माझा सगळा संशय सर्व्हरवर. शेवटी दोन प्रतींचे कीफ्रेम शेजारी-शेजारी छापून बघितले तेव्हा कळलं, एकीचा मुक्काम एका गावी आणि दुसरीचा भलत्याच.

बिटरेटला वेसण

नुसता सीआरएफ लावला तर लाह्यांच्या वेळी बिटरेट छताला जातो. नुसता ठराविक बिटरेट लावला तर निरूपणात बिट वाया जातात. म्हणून दोन्ही: सीआरएफ २३, आणि वर कमाल मर्यादा. ५५० च्या पायरीला कमाल ५५०, बफर ११००, म्हणजे दोन सेकंदांचा साठा. निरूपणाच्या वेळी बिटरेट आपोआप ५५० च्या बराच खाली राहतो आणि बघणाऱ्याचा पॅक वाचतो. मर्यादेचा दोर फक्त गजराला आणि काल्याला ताणला जातो. अगदी खालच्या पायरीवर दोर सतत ताणलेला असेल, त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

प्रीसेट, म्हणजे एन्कोडरने किती वेळ घेऊन काम करायचं ते, स्लो ठेवा. एकदा शिजवायचं आणि वर्षभर वाढायचं, तर चुलीवर थोडा वेळ जास्त गेला म्हणून काय झालं? ग्राफिक कार्डवरचं एन्कोडिंग झटपट होतं, पण खालच्या पायऱ्यांवर तेवढ्याच बिटमध्ये एक्स२६४ स्लोचं चित्र मला नेहमी उजवं वाटलंय. रात्री लावून झोपायचं. इन्व्हर्टरवर किती वेळ निघतो ते मात्र आधी बघून ठेवा. मी एक तासाच्या टप्प्यांत लावतो, म्हणजे लाइट गेली तर एकच टप्पा वाया जातो. टप्पे मात्र ६ सेकंदांच्या पटीतच तोडायचे.

कुठला कोडेक

कोडेक म्हणजे व्हिडिओ दाबायची आणि उलगडायची पद्धत. मी वापरतो एच.२६४, आणि एक्स२६४ हा त्याचाच एन्कोडर. हे मानक २००३ चं आहे आणि जुनं म्हणून नाक मुरडणारे भेटतील. २०१३ चं एचईव्हीसी आणि २०१८ चं एव्ही१ खरोखरच कमी बिटमध्ये चांगलं चित्र देतात. पण कोपीतल्या स्वस्त फोनमध्ये एव्ही१ उलगडायची चिप बहुधा नसते. मग ते काम प्रोसेसरवर पडतं, फोन तापतो आणि बॅटरी उतरते. जिथे चार्जिंगसाठी टपरीवर फोन ठेवावा लागतो तिथे बॅटरी डेटाइतकीच मोलाची. एच.२६४ ची चिप सगळ्या फोनमध्ये असते. पुढे पैसे आणि वेळ असेल तर वरच्या पायऱ्यांची जोडीला एव्ही१ प्रत द्या, एच.२६४ काढून टाकून नव्हे. फोनला काय झेपायला हवं ते सांगणाऱ्या सेटिंग अशा: प्रोफाइल हाय, लेव्हल ७२०पीपर्यंत ३.१ आणि १०८०पीला ४.०.

तुकडे, याद्या आणि सर्व्हर

एचएलएस वापरा. तुकडे आणि याद्या देण्याची ॲपलने २००९ मध्ये काढलेली ही पद्धत आयफोनमध्ये मुळातच चालते, आणि अँड्रॉइडच्या ब्राउझरमध्ये एचएलएस.जेएस नावाचा फुकट प्लेअर ती चालवतो. डॅश ही तशीच दुसरी पद्धत चांगलीच आहे, पण एकट्या माणसाने दोन घोडे पाळू नयेत. तुकडे फ्रॅगमेंटेड एमपी४ मध्ये पाडा. जुन्या टीएस डब्यात आवरणाचं वजन जास्त असतं आणि १५० च्या पायरीला ते जाणवतं. तुकडे पाडायला एफएफएमपेग पुरतं, गुंतागुंत वाढली तर गूगलचा शाका पॅकेजर बघा.

मुख्य यादीत प्रत्येक पायरीपुढे बँडविड्थचा आकडा असतो. तो सरासरी नव्हे, कमाल लिहायचा, आणि त्यात आवाजाचे बिटही धरायचे. सरासरीसाठी वेगळा रकाना आहे. कमी आकडा लिहिलात तर प्लेअर तुमच्यावर विश्वास ठेवून झेपणार नाही ती पायरी उचलतो. यादीत पहिली पायरी ३०० ची ठेवा, कारण बरेच प्लेअर पहिल्या नोंदीपासून सुरुवात करतात. चित्र झटकन सुरू झालं की माणूस थांबतो. वर चढायला नंतर दोन तास आहेत.

सर्व्हर म्हणजे साधी फाइल देणारी जागा, समोर सीडीएन (बघणाऱ्याच्या जवळच्या सर्व्हरवरून फाइल पोचवणारी सेवा). एचटीटीपीएस पाहिजे, दुसऱ्या डोमेनवरून प्लेअर चालणार असेल तर कॉर्सची परवानगी पाहिजे, आणि तुकडे बदलत नसल्यामुळे त्यांची कॅशे मुदत लांब ठेवा.

तपासणी

नेटफ्लिक्सने २०१६ मध्ये खुलं केलेलं व्हीमॅफ हे मोजमाप ० ते १०० गुण देतं आणि दोन सेटिंगची तुलना करायला फार उपयोगी पडतं. पण ते २३४पीमध्ये महाराजांचा चेहरा ओळखू येतो का हे सांगत नाही. त्यासाठी एक जुना फोन ठेवलाय, काच तडकलेला. क्रोममध्ये नेटचा वेग मुद्दाम कमी करायची सोय असते. आधी तिथे ४०० किलोबिटवर पूर्ण गजर बघतो, मग वेग अचानक वाढवून आणि अचानक पाडून बघतो. त्यानंतर तोच फोन घेऊन गावाबाहेरच्या खडीच्या माळावर जातो, जिथे एक कांडी येते, जाते.

थेट प्रक्षेपण करायचं असेल तर

रेकॉर्डिंगची शिडी जमल्याशिवाय यात पडू नका. इथे अडचण खाली उतरणाऱ्या नेटची नसते, गावातून वर चढणाऱ्या नेटची असते. कीर्तनाच्याच वेळी, मंडपात माणसं भरलेली असताना अपलोडचा वेग मोजा, कारण दुपारच्या रिकाम्या मंडपातला आकडा फसवा असतो. मोजलेल्याच्या निम्माच वापरा. लॅपटॉपवर सहा पायऱ्या बनवायचा हट्ट नको. ओबीएस या थेट प्रक्षेपणाच्या प्रोग्राममधून ७२०पीची एकच प्रत वर पाठवा आणि शिडी सर्व्हरवर बनवा. ओबीएसमध्ये कीफ्रेमचं अंतर आपोआपवर असतं, ते २ सेकंद करा. सर्व्हर घेत असेल तर आरटीएमपी या पाठवायच्या जुन्या पद्धतीऐवजी एसआरटीने पाठवा. वाटेत हरवलेली पाकिटं ते ठरलेल्या वेळेत पुन्हा मागवून घेतं. दोन-तीन सेकंदांची सवड दिली की मोबाइलच्या नेटवर निभावतं.

प्लेअर साधारण तीन तुकडे मागे राहून सुरू होतो. ६ सेकंदांचे तुकडे असतील तर तिथेच १८ सेकंद गेले. गेल्या वर्षी एका बाईंनी कोपीतून गावात सासूला फोन लावलेला, समोर दुसऱ्या फोनवर काला. फोनवर "पुंडलिक वरदे" ऐकू आलं, आणि पडद्यावरची हंडी अजून लटकतच होती. थेट प्रक्षेपणाला तुकडे २ सेकंदांचे करा, अंतर बरंच कमी होतं. पूर्ण मिटत नाही.

आणि थेट चालू असताना कॅमेऱ्यातल्या कार्डावर रेकॉर्डिंग चालूच ठेवा. नेट तुटेल, लाइट जाईल, पंगतीच्या गडबडीत कुणाचा तरी पाय वायरीत अडकेल. सकाळी कार्डावरच्या मालावरून नीट शिडी काढा आणि त्याच लिंकवर ठेवा. रात्रपाळीच्या गाडीवर गेलेली माणसं तेव्हा कोपीत परत आलेली असतात.